ट्रेलवर गाडी बंद पडली: आधी ठरवा, मग पाना उचला

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तीन गाड्या, सात मित्र, दिवसभराची कच्च्या वाटेवरची सफर. खड्या दगडी चढावर मधल्या डिझेल फोर बाय फोरचा तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला. एक म्हणाला चढ संपेपर्यंत खेचू, दुसऱ्याने बोनेट उघडून पाणी ओतायला घेतलं, तिसऱ्याने दोर बांधला. दोर तुटला, अंधार पडला आणि डांबरी रस्ता लागेपर्यंत मध्यरात्र झाली. आता पुढच्या वेळेसाठी कोणती हत्यारं घ्यावीत, असं तुम्ही विचारताय.

हत्यारांकडे येतोच. पण तुम्ही जे सांगितलंत त्यात मला हत्यारांची कमतरता कुठे दिसली नाही. काय बिघडलंय हे कळायच्या आधीच तिघांनी तीन उपाय सुरू केले, घोटाळा तिथे झाला. गॅरेजमध्ये गेलेली गाडी नीट करायची असते. ट्रेलवर ती फक्त पक्क्या रस्त्याला लावायची असते, जिथे उचलून नेणारी गाडी येऊ शकेल. एवढं सगळ्यांच्या डोक्यात बसलं की निम्मे वाद तिथेच मिटतात.

मी अशा सफरींवर बरीच वर्षं पुढची किंवा सगळ्यात मागची गाडी चालवतो, आणि एरवीही हात ऑईलमध्येच असतात. बिघाड झाला की माझ्यासमोर चार वाटा असतात: जागेवर जुजबी दुरुस्ती, लंगडत नेणं, टोचन करणं म्हणजे दुसऱ्या गाडीने ओढून नेणं, नाहीतर गाडी तिथेच ठेवून माणसं बाहेर काढणं. यातली कुठली धरायची हे नुसत्या बिघाडावर ठरत नाही. उजेड किती उरलाय, हवा कशी आहे, पुढे चढ आहे की उतार, बाकीच्या गाड्यांत जागा किती आहे, यावर बरंच अवलंबून असतं. सकाळी दहाला ज्या बिघाडाशी मी खुशाल दोन तास झटेन, त्याच बिघाडासाठी संध्याकाळी पाचला सामान दुसऱ्या गाडीत टाका म्हणेन. त्यामुळे खाली जे लिहितोय तो माझा विचार करण्याचा क्रम समजा. तुमच्या वाटेला आणि तुमच्या गाड्यांना तो तुम्ही जुळवून घ्यायचा.

पहिली पाच मिनिटं गाडीला हात लावू नका, गाडी जिथे थांबली आहे ती जागा बघा. उतारावर असेल तर हॅन्डब्रेक, गिअर आणि चाकांना दगड, तिन्ही. एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते: ट्रान्सफर केसचा, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीचा, दांडा न्यूट्रलला राहिला असेल तर गाडी पहिल्या गिअरमध्ये किंवा ऑटोमॅटिकच्या पी मध्ये असूनही चाकं मोकळी असतात. तेव्हा एकटा हॅन्डब्रेक काय धरेल तेवढंच. गाडीखाली वाळलेलं गवत आहे का तेही बघा. डिझेल गाडीचा काजळीचा फिल्टर स्वतःला जाळून साफ करत असतो, तेव्हा आतलं तापमान 600 अंशांच्या आसपास जातं आणि गवत पेटायला त्याच्या निम्मंही पुरतं. अग्निशामक सिलिंडर डिकीत सामानाखाली न ठेवता सीटपाशी ठेवायचा तो याचसाठी. बाकीच्या गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या करू नका. निदान एक तरी वळवता येईल अशी ठेवा. आणि बंद पडलेल्या गाडीच्या उताराकडच्या बाजूला कोणीही थांबायचं नाही.

मग बोनेटपाशी एकच माणूस. सगळ्यात हुशारच हवा असं नाही, पण एकच. गाडी चालवणारा त्याला सांगेल: आवाज आला का, वास कसला आला, कुठला दिवा लागला, त्याआधी काही आपटलं का. बाकीच्यांना कामं वाटून द्या. एकाने नकाशावर जागा टिपायची, एकाने घड्याळ सांभाळायचं, एकाने पाणी किती आहे ते मोजायचं. सात डोकी बोनेटमध्ये घातली की सात निदानं बाहेर येतात, आणि ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं ठरतं.

दिव्यांचा रंग आधी वाचा. ऑईलचा लाल दिवा लागला तर त्याच क्षणी इंजिन बंद, अगदी गाडी आडवी उभी राहिली तरी. ऑईलच्या दाबाशिवाय बेअरिंगं काही मिनिटांत जातात. बॅटरीचा लाल दिवा म्हणजे चार्जिंग थांबलंय. बेल्ट जागेवर असेल तर थोडा वेळ चालून जातं, पण तोच बेल्ट पाण्याचा पंपही फिरवत असेल आणि तो तुटला असेल तर गाडी लगेच गरम होणार. म्हणून बॅटरीचा दिवा दिसला की आधी बेल्ट बघायचा. पिवळा इंजिनचा दिवा स्थिर असेल तर बहुतेक वेळा हळूहळू बाहेर निघता येतं. पेट्रोल गाडीत तो उघडझाप करत असेल तर एखाद्या सिलिंडरमध्ये पेट नीट घेतला जात नाहीये. जोर लावू नका, नाहीतर सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही जाईल.

आता तुमची गरम झालेली गाडी. यावर जरा सविस्तर बोलतो, कारण दगडी चढांवर मला सर्वात जास्त भेटणारा बिघाड हाच, आणि चुकीच्या उपायाने इंजिन कायमचं जायची शक्यताही यातच जास्त.

काटा वर गेलाय, पण वाफ नाही, खाली काही गळत नाही, पंखा फिरतोय, अशी स्थिती असेल तर इंजिन लगेच बंद करू नका. बंद केलं की पाण्याचा पंप थांबतो आणि हेडमधली, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागातली, सगळी उष्णता तिथल्या तिथे साचते. गाडी न्यूट्रलला, एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर आणि त्याचा पंखा जोरात, एक्सिलरेटरवर किंचित पाय. हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच, तो आतली उष्णता केबिनमध्ये ओढतो. तुम्हाला घाम फुटेल, इंजिनाला बरं वाटेल. दोनेक मिनिटांत काटा उतरायला लागला तर ठीक. नाही उतरला, किंवा वाफ दिसली, तर बंद करा आणि वाट बघा. काटा लाल पट्ट्यातून एकदम खाली पडला तर खूश होऊ नका. बऱ्याचदा त्याचा अर्थ कूलंट इतकं कमी झालंय की सेन्सर आता पाण्यात नाही, हवेत आहे.

टोपी उघडायची घाई म्हणजे हात भाजून घेणं. रेडिएटरची टोपी आत साधारण 1 बार दाब धरून ठेवते, म्हणून आतलं पाणी 100 अंशांना उकळत नाही, 120 च्या आसपास जाऊन उकळतं. टोपी काढली की दाब जातो आणि ते सगळं एका झटक्यात वाफ होऊन तोंडावर येतं. किमान अर्धा तास थांबा. वरचा जाड होज पाईप फडक्याने दाबून बघा. दगडासारखा कडक लागला तर दाब अजून आहे, मऊ दबला तर फडकं धरून टोपी पाव आटा फिरवा, फुसफुस थांबू द्या, मग काढा. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतलं तर हेडला किंवा ब्लॉकला तडा जाऊ शकतो. इंजिन निवल्यावर सुरू करून, संथ चालू ठेवून, थोडं थोडं घालायचं. नुसतं पिण्याचं पाणी चालतं, घरी गेल्यावर कूलंट बदलता येईल.

ही वाट बघत असताना कारण शोधा. होजच्या क्लिपपाशी ओल दिसली तर स्क्रू ड्रायव्हरने दोन मिनिटांचं काम. होजला चीर गेली असेल तर ती जागा कोरडी पुसून स्वतःलाच चिकटणारी सिलिकॉन टेप ताणून ताणून, अर्धा पदर मागच्या पदरावर चढवत गुंडाळा. त्यानंतर टोपी जराशी सैल ठेवा म्हणजे दाब चढणार नाही. मात्र मग पाणी 100 अंशांनाच उकळेल, तेव्हा हळू चालवा आणि काट्यावर डोळा ठेवा. पंखा इंजिनावर फिरणारा असेल तर इंजिन बंद करून, किल्ली खिशात टाकून, बोटाने फिरवून बघा. इंजिन गरम असताना त्याने विरोध करायला हवा; भिंगरीसारखा फिरला तर त्याचा कपलिंग गेलाय. पंखा विजेचा असेल तर बोट घालूच नका, काही गाड्यांत तो किल्ली काढल्यावरही आपोआप सुरू होतो. त्याचा फ्यूज आणि रिले तपासा. त्याच नंबरचा रिले हॉर्नला असला तर तो काढून इथे लावा. हॉर्नशिवाय ट्रेल पार होते.

आणि चिखल बघा. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे असतो आणि त्या दोघांच्या फटीत चिखल नि गवताचं बी ठासून बसतं. समोरून सगळं स्वच्छ दिसतं. टॉर्च धरून वरून फटीत डोकावलं तरच कळतं. काडीने खरवडू नका, पातळ पाकळ्या वाकतात. इंजिन निवलं असेल तर मागच्या बाजूने, म्हणजे इंजिनाकडून पुढे, पाणी सोडून धुवा.

तुमच्या बाबतीत माझा अंदाज मात्र वेगळा आहे. चढ तुम्ही हाय रेंजमध्ये, पहिल्या गिअरवर, क्लच घासत चढत होतात असं तुमच्या वर्णनावरून वाटतं. वेग माणसाच्या चालीचा, म्हणजे समोरून वारा नाही, आणि इंजिनावर भार पूर्ण. लो रेंज, म्हणजे कमी वेगात जास्त ताकद देणारा गिअर, घातला असता तर इंजिन मोकळं फिरलं असतं, पंपही फिरला असता, पंखाही. ऑटोमॅटिकमध्ये हे आणखी महत्त्वाचं: टॉर्क कन्व्हर्टर घसरत राहतो, गिअरचं ऑईल तापतं, आणि बऱ्याच गाड्यांत ते ऑईल रेडिएटरमध्येच गार होत असल्याने तोही भार कूलंटवर येतो. कूलंटच्या टाकीत बुडबुडे येत असतील, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर असेल, किंवा डिपस्टिकवर ऑईल दुधाळ दिसत असेल, तर हेड गॅस्केट (हेडखालचं सील) गेलंय असं धरा. ती गाडी मग स्वतःच्या पायाने जाणार नाही.

गाडी सुरूच होत नाही, हा दुसरा नेहमीचा प्रकार. सेल्फ मारल्यावर नुसतं कटकट वाजतं आणि दिवे मंदावतात? बॅटरीची टर्मिनलं हाताने हलवून बघा. दगडांवर दिवसभर खडखडून ती सैल होतात, आणि निम्म्या 'मेलेल्या' बॅटऱ्या दहा नंबरच्या पान्याने जिवंत होतात. मल्टीमीटर असेल तर स्वस्थ बॅटरी उभ्या गाडीत 12.6 व्होल्ट दाखवते, आणि इंजिन चालू असताना साधारण 13.8 ते 14.5 दिसायला हवेत. चालू इंजिनावर बारा-साडेबाराच दिसले तर अल्टरनेटर काम करत नाही. मग एसी, दिवे, केबिनचा पंखा, गाणी सगळं बंद करून उजेडातच निघा. 'एकदा सुरू झाली की बॅटरी काढली तरी चालते' हे जुन्या गाड्यांचं शहाणपण आजच्या गाडीवर वापरू नका; व्होल्टेज उसळून कॉम्प्युटर जातो.

जंप केबल लावताना क्रम असा: लाल आधी मेलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला, काळी चांगल्याच्या मायनसला आणि तिचं शेवटचं टोक मेलेल्या गाडीच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि बॅटरीच्या तोंडाशी हायड्रोजन असू शकतो, म्हणून हा खटाटोप. चांगली गाडी पाच-दहा मिनिटं चालू ठेवा, मगच सेल्फ मारा. धक्का स्टार्ट फक्त मॅन्युअल गिअरच्या गाडीला.

सेल्फ जोरात फिरतोय पण इंजिन पेट घेत नाही, तर डिझेल किंवा पेट्रोल पोचत नाहीये. डिझेलने हवा धरली असेल तर फिल्टरजवळचा हातपंप कडक होईपर्यंत दाबा. पण कॉमन रेल इंजिनाचे इंजेक्टरकडे जाणारे लोखंडी पाईप सैल करून हवा काढायचा जुना उद्योग करू नका. त्यात 1000 बारच्या वर दाब असतो. ती धार कातडीत सहज घुसते आणि ती जखम थेट शस्त्रक्रियेची असते.

पाण्यात बंद पडलेल्या गाडीचा नियम एका ओळीचा आहे: सेल्फ मारू नका. हवेच्या नळीतून पाणी सिलिंडरमध्ये गेलं असेल तर पाणी दाबलं जात नाही, वाकतो तो कनेक्टिंग रॉड. गाडी ओढून बाहेर काढा, एअर फिल्टर उघडा. तो कोरडा ठणठणीत असेल तर बहुधा इंजिनात पाणी नाही, विजेचं काहीतरी भिजलंय. फिल्टर ओला असेल तर पेट्रोल गाडीत सगळे स्पार्क प्लग, डिझेलमध्ये ग्लो प्लग काढायचे आणि मगच सेल्फ मारून पाणी बाहेर उडवायचं. ग्लो प्लग जागेवर काढणं सगळ्यांना जमत नाही, तुटतातही. खात्री नसेल तर टोचनच बरं.

टायरबद्दल थोडक्यात. दगडांवर हवा 18 ते 20 पीएसआयपर्यंत उतरवली की टायर दगडाला मिठी मारतो आणि फुटतो कमी, पण त्याहून फार खाली गेलात आणि वळणावर जोर दिला तर टायरची कड रिमवरून निसटते. ती परत बसवायला टायरच्या घेराभोवती रॅचेटचा पट्टा आवळा, म्हणजे कडा रिमकडे फाकतात. व्हॉल्व्हची पिन काढून कॉम्प्रेसर लावा, हवा भराभर जाते, 'फट्' असा आवाज आला की कड बसली. मग पिन घालून पुन्हा भरा. रबरी दोरीचा प्लग टायरच्या तळव्याला छान चालतो. बाजूच्या भिंतीला घातलेला प्लग फक्त पुढच्या थोड्या किलोमीटरचा, माणसाच्या चालीने, आणि तोही स्टेपनी आधीच वापरून झाली असेल तर. जॅकखाली फळी हवीच, आणि नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली हात-डोकं घालायचं नाही. काढलेलं चाक चेसिसखाली आडवं सरकवून ठेवा. जॅक निसटला तरी गाडी चाकावर येईल.

आता एक असा प्रकार, ज्यात फोर बाय फोर असण्याचा खरा फायदा होतो. एका सफरीत आमच्यातल्या एका गाडीच्या मागच्या प्रोपेलर शाफ्टचा, म्हणजे मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या लांब दांड्याचा, क्रॉस (सांधा) तुटला. आवाज असा की जणू कोणी खालून लोखंडी पहार आपटतंय. मालकाचा चेहरा उतरला, त्याला वाटलं गिअरबॉक्स गेला. आम्ही दोन्ही टोकांच्या फ्लँजवर खडूने खूण केली, म्हणजे नंतर बसवताना बॅलन्स चुकणार नाही, नट काढले, शाफ्ट बाहेर ओढून छतावर बांधला. मग ट्रान्सफर केस फोर व्हीलला टाकला आणि गाडी फक्त पुढच्या चाकांवर बाहेर आली. पुढचा शाफ्ट तुटला तर आणखी सोपं, तो काढून टू व्हील ड्राइव्हवर जायचं. कायम चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत मात्र मधला डिफरन्शियल लॉक करावा लागतो, नाहीतर सगळी ताकद काढलेल्या बाजूने निसटते. आणि शाफ्टचं पुढचं टोक ट्रान्सफर केसमध्ये नुसतं सरकवलेलं असेल, तर तो काढल्यावर तिथून ऑईल वाहतं. ते भोक बंद करायची सोय असेल तरच काढा.

पुढच्या चाकाचा सीव्ही जॉइंट, म्हणजे चाक वळलं तरी ताकद पोचवणारा सांधा, तुटला तर त्या चाकाचा अख्खा शाफ्ट काढून फेकायचा मोह होतो. स्वतंत्र सस्पेन्शनच्या बऱ्याच गाड्यांत त्या शाफ्टचं बाहेरचं टोक नटाने आवळलेलं असतं आणि त्या आवळण्यावरच हबचं बेअरिंग एकत्र राहतं. ते काढून गाडी हलवली तर चाक सुटू शकतं. जॉइंट सुटा करून बाहेरचा तुकडा हबमध्ये परत आवळून टाकायचा. मागचा एक्सल शाफ्ट तुटला तर चाक कशावर उभं आहे ते आधी कळायला हवं. काही गाड्यांत ते हबवर असतं, शाफ्ट काढला तरी चाक राहतं. बहुतेक हलक्या गाड्यांत चाक त्या शाफ्टवरच असतं आणि तुटका शाफ्ट चाकासकट बाहेर येतो. स्वतःच्या गाडीचं हे सफरीला निघण्याआधीच विचारून ठेवा.

स्टीअरिंग आणि ब्रेक या दोन गोष्टींत मी 'बघू जातं का' करत नाही. वाकलेला टाय रॉड (पुढची चाकं वळवणारा दांडा) काढून, दोन दगडांत धरून, जमेल तितका सरळ करता येतो, लांबीला एखादा मजबूत पाना आवळून त्याला आधार देता येतो, आणि चालीच्या वेगाने बाहेर पडता येतं. पण टाय रॉडचं टोकच निसटलं असेल तर ती गाडी चालवायची नाही. एका चाकाचा ब्रेक पाईप फाटला तर रबरी नळी व्हाइस ग्रिपने दाबून ते चाक बंद करता येतं. ब्रेक ऑईल भरा, पॅडल तपासा, आणि लो रेंजच्या पहिल्या गिअरमध्ये, इंजिनाच्या ब्रेकवर उतरा. लांब उतार असेल तर गाडीत फक्त चालवणारा. पॅडल जमिनीला टेकत असेल तर चर्चा संपली.

तुमचा तुटलेला दोर. कुणाला लागला नाही हे नशीब म्हणायचं. पट्टा किंवा दोर भरलेल्या गाडीच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट ताकदीचा हवा आणि त्यावर ती ताकद छापलेली हवी. गाठ मारली की ताकद खूपच घटते, म्हणून टोकांना शिवलेले फासे असलेलाच घ्या. बांधायचं ते चेसिसला बोल्ट केलेल्या रिकव्हरी पॉइंटला. ट्रेलर जोडायच्या गोळ्याला कधीही नाही. तो तुटला तर दोराच्या ताणाने गोळीसारखा सुटतो, आणि त्याने माणसं मेली आहेत. दोराच्या दीडपट अंतरात कोणी उभं राहायचं नाही, दोरावर मधोमध जाड जाकीट किंवा ओली गोणी टाकायची. फसलेली गाडी ओढण्याआधी फावड्याने चाकांपुढची माती काढा, अर्धं काम तिथेच होतं. आणि न ताणणाऱ्या दोराला झटका द्यायचा नाही. झटका फक्त ताणल्या जाणाऱ्या कायनेटिक दोराला.

चालती टोचन वेगळी गोष्ट. इंजिन बंद असेल तर ब्रेक एक-दोनदाच हलका लागतो, नंतर पाय पूर्ण दाबावा लागतो. स्टीअरिंग जड होतं. किल्ली ऑन ठेवा, नाहीतर स्टीअरिंग लॉक होईल. ऑटोमॅटिक गाडीत ऑईलचा पंप इंजिन फिरवतं, म्हणून बंद इंजिनाने ओढत नेली तर गिअरबॉक्स कोरडा घासतो. ट्रान्सफर केसला न्यूट्रल असेल तर तो घाला, नसेल तर गाडीचं पुस्तक काय म्हणतं ते बघा. उतारावर दोर सैल पडतो आणि मागची गाडी पुढचीवर जाते. तिथे तुमच्या तीन गाड्या कामी येतात: एक पुढून ओढते, एक मागून दोराने रोखून धरते.

आता घड्याळ. आमच्यात ठरलेलं आहे: निदानाला वीस मिनिटं. तेवढ्यात कारण सापडलं नाही तर टोचनची तयारी. कारण सापडलं तर ज्याच्या हातात पाना आहे त्याने वेळ सांगायची, आणि त्याच्या दुप्पट वेळेनंतरही झालं नसेल तर थांबायचं. सूर्य मावळायच्या दोन तास आधी जे झालं नाही ते आज होणार नाही असं धरतो. त्यानंतर गाडी वाटेच्या कडेला, पुराच्या पाण्यापासून लांब लावतो, बॅटरीचं मायनस काढतो, जागेचे आकडे दोन फोनवर आणि एका कागदावर टिपतो, आणि सगळे एकत्र निघतो. मदत आणायला एकटी गाडी पाठवायची नाही, आणि मागे राहायचंच असेल तर एकट्याने राहायचं नाही. बाकीच्या गाड्यांत सगळे मावत नसतील तर उरलेल्यांनी बंद गाडीपाशीच थांबावं. शोधणाऱ्याला गाडी दिसते, चालत निघालेला माणूस दिसत नाही.

हत्यारं म्हणाल तर, तुमच्याच गाडीच्या नट-बोल्टांचे पाने आणि सॉकेट, चाकाचा लांब दांड्याचा पाना, फळीसह जॅक, प्लगचं किट, कॉम्प्रेसर, मल्टीमीटर, जंप केबल, व्हाइस ग्रिप, सिलिकॉन टेप, प्लास्टिकचे टाय, तार, मळून लावायची इपॉक्सी पुट्टी, फ्यूज, बेल्ट, एक होज, इंजिन ऑईल, ब्रेक ऑईल, भरपूर पाणी, फावडं, पट्टा आणि दोन शॅकल (दोर जोडायच्या लोखंडी कड्या). पुट्टी ऑईल चेंबरच्या चिरेला चालते, पण जागा ऑईलमुक्त पुसली तरच धरते. हे सगळं तिन्ही गाड्यांत मिळून एकेक असलं तरी पुरे, बेल्ट, होज आणि फ्यूज सोडून. ते ज्याचे त्याच्याच गाडीला बसतात. वॉकीटॉकी प्रत्येक गाडीत हवाच. आणि खर्चाचं निघण्याआधीच बोलून घ्या. आमच्यात सुटे भाग ज्याची गाडी त्याचे, उचलून नेणाऱ्या गाडीचं भाडं सगळ्यांत वाटून. हे आधी ठरलेलं असलं की 'टोचन बोलवू' असं म्हणायला मालक कचरत नाही.

डांबरी लागल्यावर लगेच पळवू नका. टायरमध्ये हवा भरा, चाकाचे नट पुन्हा आवळा, गाडीखाली एकदा टॉर्च मारा. दहा किलोमीटरवर थांबून प्रत्येक चाकाच्या मधोमध हाताची मागची बाजू जवळ न्या. एखादं बाकीच्यांपेक्षा फार गरम लागलं तर तिथला ब्रेक घासतोय किंवा बेअरिंग चाललंय, आणि तिथून पुढचा प्रवास उचलून नेणाऱ्या गाडीवर.